दोन सुतांचा स्वेटर

बाळाच्या बाप्तिस्म्याची गंमत तुम्हाला सांगितलीच नाही मी. सासूबाईंनी नगरहून येताना लोकर आणि सुती दोरा मिसळून विणलेला स्वेटर आणला होता, ढगासारखा मऊ. आदल्या संध्याकाळी मी बाळाला मांडीवर घेऊन बायबल वाचत होते. इथे चामराजपेटात खिडकीसमोरच्या झाडाची गुलाबी फुलं इतकी सावकाश गळत होती, की माझेही डोळे मिटायला लागले. आणि मोशेच्या नियमांत दिसलं, दोन जातींच्या सुताचं कापड अंगावर घालू नये! झोपच उडाली. बाळाला काही झालं म्हणजे? मी स्वेटर कपाटात ठेवून दिला. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी चर्चच्या दारातच पाळकसाहेबांना विचारलं.

"अगं, माझा सदरा टेरिकॉटचा आहे, त्यातही दोन सुतं. मलाही चर्चबाहेर काढतेस का? तो नियम त्या काळच्या इस्राएलांसाठी होता. स्वेटर विणला कोणी?"

"सासूबाईंनी."

"मग आईबापांचा मान राखायची आज्ञा वाच. ती अजून लागू आहे."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी हळूच पिशवीतून तोच स्वेटर काढला.

"टोपीपण आहे," त्या म्हणाल्या.