सुनीताचं पोट आणि माझं तूप

अमेरिकेत फ्रिस्कोला लेकीकडे, सुनीताकडे होतो तेव्हाची गोष्ट सांगतो, पण बाहेर बोलू नका. दोन बाळंतपणांनंतर सुनीताच्या पोटाची कातडी लोंबायला लागली होती. ती कापून पोट सपाट करून घ्यायचं तिनं ठरवलं. डॉक्टर म्हणाला, "आधी पंधरा पौंड वजन उतरवा, मगच ऑपरेशन."

हे ऐकून मला बरं वाटलं. वजन उतरलंच नाही तर पोरीच्या पोटाला कुणी सुरी लावणार नव्हतं. ती आणि जावई निखिल नोकरीला जायचे, स्वयंपाक माझ्याकडे होता. मी रोज तिच्या ताटात आधी दोन चमचे तूप घालायचो, त्यावर भात, त्यावर वरण. वरून काही दिसायचं नाही.

तीन महिन्यांनी ती वजनकाट्यावर उभी राहून ओरडली, "बाबा, सोळा पौंड डाउन!"

मी म्हणालो, "काटा बिघडलाय."

"काटा ठीक आहे. तुमचं तूप मला पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही पापड भाजायला वळलात की मी निखिलशी ताट बदलायचे."

मी जावयांकडे पाहिलं. ते पँटचं बटण लावायचा प्रयत्न करत होते.

सुनीता म्हणाली, "ऑपरेशनची भीती वाटते तर सांगायचं ना, बाबा."

"मला बोलायला जमत नाही. वाढायला जमतं."

ती माझ्याजवळ येऊन बसली. "ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत हॉस्पिटलला चला. आणि आता तूप बंद."

तेवढ्यात निखिल म्हणाले, "बाबा, माझं चालू ठेवा."