खालच्यानं ‘हाय’ म्हणायचं

तर वस्ताद, ते निळे मॅट कुठून आले हे तुम्ही मला शेवटपर्यंत सांगितलं न्हाईच. मी विचारलं होतं. सगळ्या पोरांसमोर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी त्याच्यावर पडून बघ, मंग विचार. मी पडलो बी न्हाई अन् परत विचारलं बी न्हाई. आता कुणाला विचारू?

जमलेल्या मंडळींनो, रामराम, सलाम. शोकसभेत असं भांडणानं सुरू करत न्हाईत, माहिती आहे मला. पण दुसरीकडून सुरू करताच येईना. तीन दिवस झाले मोबाइलवर लिहून राह्यलो अन् खोडून राह्यलो. मी दत्ता. याच तालमीत खालच्या थराला उभा राहायचो. चार वर्षं झाली, केरळात आहे. उंच बिल्डिंगी बांधतात तिथं परांच्या बांधतो. मुकादमाला सुट्टी मागितली तर म्हणे, कोण वारलं? म्हटलं, वस्ताद. म्हणे, वस्ताद म्हंजे कोण, बाप का? न्हाई. चुलता? न्हाई. मंग चढ वर. त्याचं बी बराबर आहे. या कामावरच्या पोरांनी सुट्टीसाठी इतके मामे मारलेत की खरा मेलेला कोणता हे त्याला कळत न्हाई.

म्हणून माझं बोलणं नसीमा वाचून दाखवून राह्यली. ती माझ्या शेजारी उभी राहायची, खालच्याच थराला. नसीमा, माझी शाळा सातवीपर्यंत, ऱ्हस्व-दीर्घ तू दुरुस्त कर. पण शब्द बदलू नको. अन् मधेच कुणी ‘बस झालं, पुढचे वक्ते’ म्हटलं तर थांबू नको. कुणीतरी म्हणणार, अशी मला शंका आहे.

कचरू वस्ताद रविवारी सकाळी गेले. जालन्यात, बसस्टँडवर. छातीत कळ आली, बाकड्यावर बसले अन् तिथंच संपलं. नसीमाचा फोन आला तव्हा मी पहिलं काय विचारलं, सांगू? कसे गेले, असं न्हाई विचारलं. मी विचारलं, रविवारी सकाळी जालन्यात काय करून राह्यलते? माणूस गेल्याची खबर अन् माझ्या तोंडातून चौकशी निघाली.  ती म्हणाली, “दत्ता, तू अजून तिथंच अडकलास का रे?”

हो, तिथंच. कुठं अडकलो ते सांगतो. कारण आज इथं बाहेरगावचे लोक बी आलेत, त्यांना माहिती नसंल.

आमची टेंभुर्णीची तालीम म्हंजे चार भिंती, वर पत्रे, खाली लाल माती. पडायला कापसाच्या जुन्या गाद्या, अन् त्या बी गावातून मागून आणलेल्या. एका गादीवर लग्नातल्या हळदीचे डाग होते. पोरंपोरी मिळून आम्ही अकरा. बारावा कधीच न्हाई. गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही मनोरे रचायचो. एकानं त्याचा व्हिडिओ टाकला अन् संभाजीनगरहून बोलावणं आलं, चिअरच्या स्पर्धेला या. वस्ताद म्हणाले, चिअर म्हंजे काय? गाणं लावायचं, अडीच मिनिटांत मनोरे, उड्या, कोलांट्या, सगळं करायचं. वस्ताद म्हणाले, “हे तर आपलंच हाय. फक्त हलगीच्या जागी गाणं.”

वस्तादचा एकच नियम. वरच्यानं पाय ठेवायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, “हाय का?” अन् खालच्यानं मोठ्यानं म्हणायचं, “हाय.” मान हलवलेली चालायची न्हाई. मनातल्या मनात चालायचं न्हाई. खालचा ‘हाय’ म्हणंस्तोवर वरचा जमिनीवरच. मी एकदा विचारलं, वस्ताद, आम्ही दिसतोच की खाली उभे. ते म्हणाले, “दिसतो तो उभा असतो, दत्ता. असतोच असं न्हाई.”

तर आम्ही गेलो स्पर्धेला. वस्ताद पांढरं धोतर, टोपी. बाकीच्या टीमचे सर लोक टी-शर्टात, गळ्यात शिट्ट्या. आमचं गाणं लागलं. पिंकी सगळ्यात वर जायची, तिनं ठणकावून विचारलं, “हाय का?” आम्ही चौघं खालून ओरडलो, “हाय.” अन् समोर बसलेल्या पंच बाई हसल्या अन् त्यांनी हात हलवला. हाय. माइकवाला म्हणाला, टेंभुर्णीची गोड मुलं सर्वांना हाय करत आहेत. सगळा हॉल हसायला लागला. आम्हाला कळंना काय झालं. नंतर कागद मिळाला, त्यात लिहिलेलं, सादरीकरण चालू असताना प्रेक्षकांशी बोलले म्हणून गुण वजा. सगळं गाव कधी न्हाई ते शहरात गेलं अन् ‘आहे’ म्हटल्याबद्दल गुण कापून घेऊन आलं.

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या स्पर्धेत दोन गट होते. मोठ्या अकॅडमींचा वेगळा अन् लहान तालमींचा वेगळा, म्हंजे लहानांना बी संधी मिळावी. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडं जी मोठी अकॅडमी आहे, तिची टीम मोठ्या गटात पहिली आली. येऊ द्या. त्यांच्याकडं शंभरेक पोरं, एकाचा पाय मुरगळला की त्याच मापाचा दुसरा तयार. पण लहान गटात पहिलं कोण आलं? त्याच अकॅडमीची भोकरदन शाखा.

मला शंका आली. त्यातल्या दोघांना मी सकाळी मोठ्या टीमच्या बसमधून उतरताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकल काढली अन् भोकरदनला गेल्तो. शटरवर बोर्ड होता, नवाकोरा. शटरला कुलूप. शेजारच्या चहावाल्याला विचारलं, इथं पोरं कधी येतात? तो म्हणाला, “पोरं? आत खताच्या गोण्या हायेत भाऊ. तू खतासाठी आला का?”

तालमीत येऊन वस्तादला म्हटलं, तक्रार करा.

“कुणाची?”

“जे भोकरदनचे न्हाईत त्यांची.”

“आपली पोरं बराबर चढली का?”

“चढली.”

“कुणी पडलं?”

“न्हाई.”

“मंग बस. मला त्या अकॅडमीत जायचंय, तक्रार करून कसा जाऊ?”

मला वाटलं, ते भांडायला जाणार. अन् तीन आठवड्यांनी तालमीसमोर टेम्पो उभा. आत बारा निळे मॅट. त्यावरचं नाव खरवडून काढलेलं, पण अर्धं दिसत होतं. त्याच अकॅडमीचं.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? गप बसायचे मॅट. दुसरं काय? मी सगळ्यांसमोर विचारलं, हे मॅट कुठून आले? वर म्हटलं, “वस्ताद, तुम्ही विकले गेलात.” पिंकी रडायला लागली. वस्ताद मॅटची घडी उलगडत राह्यले. तेवढंच म्हणाले, आधी पडून बघ. त्याच आठवड्यात मी केरळची गाडी धरली.

अन् मी गेलो तसा आपला मनोरा एक थर खाली आला. हे मला कुणी सांगितलं न्हाई, गणपतीच्या व्हिडिओत मी मोजलं. मोठ्या अकॅडमीतून एक पोरगा गेला तर मास्तरला हजेरी घेताना कळंल. आपल्यातून एक गेला की वरची पोरगी खाली येते. माझ्या जागी नवा पोरगा मिळंस्तोवर पिंकी एक वर्ष दुसऱ्या थरावर राह्यली. माझ्यामुळं.

त्या चार वर्षांत वस्तादशी माझं बोलणं एकदाच झालं. दिवाळीला त्यांनी फोन केला. मॅटचं मी काढलं न्हाई, त्यांनी बी काढलं न्हाई. म्हणाले, “तिथं वर चढतो तव्हा खाली कोण असतं?” म्हटलं, कुणी न्हाई वस्ताद, कमरेला पट्टा असतो. ते म्हणाले, “मंग पट्ट्याला विचारून चढत जा.” मी हसलो. पण तेव्हापासून हुक लावला की मी विचारतो, हाय का? माझ्यासोबतचा बिहारी पोरगा म्हणतो, हॅलो.

मंग या वर्षी मोबाइलवर त्या अकॅडमीचा व्हिडिओ आला. चकचकीत कपडे, मोठा हॉल. अन् त्यात वर जाणारी पोरगी पाय ठेवायच्या आधी थांबते, खाली वाकून काहीतरी म्हणते. अन् खालचा पोरगा म्हणतो, हाय. मी म्हटलं, कॅमेऱ्याला करतोय. परत पाहिलं. कॅमेऱ्याकडं त्याचं लक्षच न्हाई. तिच्याकडं आहे. मंग माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपली नक्कल करून राह्यले, अजून हसून राह्यले आपल्याला. नसीमाला व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलं, बघ कशी चेष्टा करतात. तिनं उत्तर दिलं न्हाई.

परवा दिलं. म्हणाली, “येड्या, चेष्टा कुठून? वस्ताद शिकवायला जायचे तिथं. दर रविवारी, पहिल्या गाडीनं.”

त्या स्पर्धेच्या दिवशी पडद्यामागं अकॅडमीची टीम सराव करत होती. वस्तादनं पाहिलं, त्यांची वरची पोरगी सुटली, अन् खालची पोरं बाजूला झाली. बाजूला. कारण खाली जाड मॅट होता, तिला काही होणार नव्हतं, अन् झालं बी न्हाई. पण वस्ताद नसीमाला म्हणाले, “ही पोरं पडणाऱ्याकडं न्हाई बघत, गादीकडं बघतात.” मंग ते स्वतः जाऊन त्यांच्या सरांना भेटले. म्हणाले, तुमच्या पोरांना झेलायला शिकवतो. पैसे नको. तुमचे जुने मॅट द्या, माझी पोरं मातीवर पडतात. अन् नसीमाकडून शपथ घेतली, दत्ताला सांगू नको, त्याला वाटंल मी त्यांचा झालो.

मला तेच वाटलं होतं वस्ताद. तुम्ही सांगितलं न्हाई म्हणून वाटलं, का सांगितलं असतं तरी वाटलं असतं? खरं सांगतो, तरी वाटलं असतं.

आता अकॅडमीचे सर. नसीमा म्हणाली, तुम्ही येणार आहात अन् तुमच्यासाठी पुढं खुर्ची ठेवलीय. सर, मी तुमच्याबद्दल वाईटच बोलायला बसलो होतो. सगळं खोडलं न्हाई, थोडं ठेवलंय. तुमच्याकडं पोरगं पडलं तर डॉक्टर लगेच येतो. आमच्या शुभमचा हात मोडला तव्हा आम्ही त्याला उपरण्यात बांधून मोटरसायकलवर जाफ्राबादला नेलं, तो रस्ताभर ओरडत होता. मोठं असण्यात फायदा आहे, मी न्हाई म्हणत न्हाई. तुमची बारा-पंधरा पोरं आज टेम्पो करून इथं आलीत म्हणे, अन् ती वस्तादला आजोबा म्हणायची. त्यांच्यावर माझी शंका न्हाई.

शंका तुमच्यावर आहे. तुमच्या गेटवर शिकवणाऱ्यांचे फोटो आहेत, व्हिडिओत दिसतात. टी-शर्टातले पाच जण. धोतरातला सहावा कुठं आहे? चार वर्षं रविवारी माणूस येतो, तुमच्या पोरांच्या तोंडात त्याचा शब्द बसतो, अन् त्याचा फोटो न्हाई? अन् आता मला असं कळलंय की तुम्ही गावात बोललात, तालीम बंद पडू देणार न्हाई, आम्ही चालवू, फक्त बोर्ड बदलायचा. टेंभुर्णी शाखा.

सर, मी भोकरदनची शाखा पाहिलीय. तिथं खत होतं.

तुमचं मन साफ असंल बी. वस्तादच्या बाबतीत मी एकदा चुकलो, तुमच्या बाबतीत बी चुकत असंन. चुकलो असंन तर सोपं आहे. रविवारी वस्ताद तुमच्याकडं यायचे, आता तुमचा एक माणूस आमच्याकडं पाठवा. एसटीनं. बोर्ड न बदलता. पाठवला तर मी फोन करून तुमची माफी मागंन, नंबर नसीमाकडं आहे. पण गावाला माझं एवढंच मागणं आहे. बोर्ड उतरवू देऊ नका. नसीमा शिकवायला तयार आहे. मी विचारलं तिला, हाय का? ती म्हणाली, हाय. नसीमा, हे वाचताना गाळू नको, लाजू नको.

आता शेवटचं. दोन मिनिटं घड्याळ लावून उभं राहू नका, वस्तादला घड्याळाचं काही नव्हतं. मनोरा रचायच्या आधी आपण जसे गप होतो, तसे गप व्हा. पिंकी, तू तुझ्या जागेवर ये. मोठ्यानं विचार, वस्ताद, हाय का? अन् मंग कुणीच बोलू नका. खालून उत्तर येणार न्हाई. ते येत न्हाई हे सगळ्यांना नीट कळंस्तोवर तसेच उभे राहा. मी बी इथं वर, परांचीवर, त्याच वेळेला थांबंन. मुकादम ओरडला तर ओरडू दे.

या वर्षीच्या स्पर्धेची, आपल्या अकरा पोरांची लहान गटातली फी मी भरतो. नाव फक्त तालीम, टेंभुर्णी, एवढंच लिहायचं. नसीमा, पावतीचा फोटो पाठव, मी नाव वाचून बघणार. पाच हजार पाचशे रुपये पाठवून राह्यलो.