दारातून परतलेला योहान

नेब्रास्कात दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या व्हर्नाच्या कानावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं आणि डकोटाहून आलेल्या बाईंचं बोलणं पडत होतं.

"तुमचंही आडनाव टीडेमान?" म्हाताऱ्याने विचारलं. "आमचे पणजोबा हाइनरिख जर्मनीहून इथे आले."

"एकटेच?"

"धाकटा भाऊ होता, योहान. बंदरावरच तापाने गेला. त्याचं गेशे नावाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. मग पणजोबांनीच तिच्याशी लग्न केलं."

"योहान गेले नव्हते. बरे होऊन इथवर आले. दारातून पाहिलं, तर गेशेच्या मांडीवर तान्हं मूल. आल्या पावली उत्तरेला, डकोटात निघून गेले. मी त्यांची पणती."

म्हाताऱ्याने टोपी उचलली.

"दात राहू दे. चला, घर तेच आहे. आता आत या."