जांबोटीचा पाऊस आणि समीरची वाटणी

कप आधी खाली ठेव, मग सांगते. माझ्या काकांचा समीर पावसाच्या आकड्यांचं काम शिकायला माझ्याकडं आलता. मी त्याला एचडीएफ फाईल उघडून दिली. फाईल एकच, पण आत कप्पे, कप्प्यांत कप्पे, आणि तळाला गावागावाच्या पावसाचे तक्ते. त्यात जांबोटी दोन कप्प्यांत दिसतंय, खानापूर तालुक्यात आणि घाटमाथ्यात.

म्हटलं, "नुसतं बघ."

मी फोनवर बोलून परत आले, तर दोन्हीकडं जांबोटीत शून्य. आख्ख्या पावसाळ्यात एक थेंब न्हाय.

"काय केलंस रं?"

"आक्का, मी वाटणी करून घेतली. खानापूर तुझं, घाटमाथा मला हात बसवायला, म्हणून तिथल्या जांबोटीत शून्यं भरून बघितली. तुझ्या वाट्याला शिवलोबी न्हाय."

"तक्ता एकच हाय रं, त्याला दारं दोन. आपल्या दोन घरांत विहीर एकच न्हवं? तू सगळी उपसलीस तर माझ्या वाट्याला वेगळं पाणी उरतंय व्हय?"

त्यानं दोन्ही कप्पे परत उघडून बघितले. मग म्हणाला, "बरं, मूळ फाईल काढ की."

"तीच रं ही."