मोबाइलवर धाकटा वर

…नाही, पण तुम्हीच सांगा, सख्ख्या भावावर संशय घ्यायचा तर माणूस काहीतरी जमीनजुमला, दागदागिना असं कारण शोधतो की नाही? आमच्या ह्यांनी घेतला तो वेबसाइटवरून. वेबसाइट… जी हातात धरता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही, तिच्यावरून दोन भावांचं बोलणं बंद, तेही एकाच दुकानात, एकाच गल्ल्यावर, आणि मध्ये मी. "धाकट्याला सांग, पितळी कुलपं संपत आलीत." धाकटा शेजारी उभा. मी सांगायचं, भाऊजी, पितळी कुलपं संपत आलीत. ते म्हणणार, "दादाला सांगा वहिनी, ऐकलं."

तुम्हाला सांगते, दुकान आमचं कुलूप-किल्ल्यांचं. हे थोरले, गल्ल्यावर बसून कुलपं विकतात, आणि धाकटे भाऊजी पिशवी खांद्याला अडकवून लोकांची अडकलेली दारं उघडायला जातात. एक भाऊ बंद करायची सोय बघतो, दुसरा उघडायची, बरं चाललं होतं. पण जन्मभर कुलपं विकलेला माणूस, त्याचा जगावर विश्वास कसा बसणार? ह्यांना कुणी नुसतं "कसे आहात" विचारलं तरी हे आधी त्याच्या हातांकडे बघतात. घराला कुलूप लावलं की ओढून बघतात, मग मला ओढायला लावतात, मग "तू नीट ओढलं नाहीस" म्हणून पुन्हा स्वतः… जाऊ दे.

तर वेबसाइट करायचं ठरलं. एक बाई मिळाल्या, त्या घरीच जेवणाच्या टेबलावर काम करायच्या. टेबलावर एक मोठा कॉम्प्युटर, लॅपटॉप, टॅब्लेट, आणि लहानमोठे फोन असे रांगेत मांडलेले की जेवायला ताट कुठे ठेवत असतील कोण जाणे. हे आत शिरल्या शिरल्या माझ्या कानात, "एका बाईला इतके फोन कशाला लागतात?" मी म्हटलं, अहो, कुठल्या फोनवर कसं दिसतं ते तपासायला. तर म्हणाले, "हं." तो "हं" मी ओळखते. त्या "हं"वर मी संसार केलाय.

बाईंनी वेबसाइट केली, मोठ्या पडद्यावर दाखवली. डावीकडे हे, गल्ल्यामागे, चेहऱ्यावर तिजोरीसारखे भाव. उजवीकडे भाऊजी, पिशवी घेऊन हसतायत. दोघं शेजारी शेजारी, एकाच मापाचे… मापाचे म्हणजे ह्यांनी खिशातून पट्टी काढून पडद्यावर लावून बघितली, त्या बाईंनी लावू दिली, सभ्य आहेत. समाधान झालं. घरी आलो.

आणि मग हे दाढी करायला गेले.

न्हावी म्हणाला, "वा, वेबसाइट बघितली तुमची, धाकट्यांचा फोटो काय झकास आलाय." हे म्हणाले, "आणि माझा?" न्हाव्याने फोन काढला, अंगठ्याने पडदा सरकवायला लागला… "तुम्ही… तुम्ही ना… थांबा हं… हां, हे काय, खाली आहात." खाली. हे तसेच उठले, एका गालावर फेस, गळ्याला न्हाव्याचं फडकं, आणि तशा अवतारात घरात येऊन मला म्हणतात, "ती बाई मला एक दाखवते, जगाला दुसरं."

झालं. त्या दिवसापासून दिसेल त्याचा फोन मागायचा. भाजीवाल्याचा, पोस्टमनचा, दवाखान्यात बाकावर कण्हत बसलेल्या माणसाचासुद्धा. सगळीकडे धाकटा वर, हे खाली. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र दोघं शेजारी. "बघ," म्हणाले, "मी बघतो तिथे बरोबर दाखवायचं, बाकीच्यांना माझं मुंडकं खाली. मला एक दाखवते, जगाला दुसरं. हे धाकट्याने करवून घेतलंय." मग पुरावे गोळा झाले. त्या बाईंचं दार मागे एकदा भाऊजींनी उघडून दिलेलं. म्हणजे ओळख जुनी. आणि फोटोत भाऊजी हसतायत. "त्याला आधीपासून माहीत होतं, म्हणून हसतोय."

भाऊजी बिचारे म्हणाले, "दादा, मी अजून ती वेबसाइट उघडूनही बघितली नाही." त्यावर हे काय म्हणाले असतील? "न बघता तुला कसं कळलं मी कशाबद्दल बोलतोय?" भाऊजींचाही तोल गेला. म्हणाले, "इतकं असेल तर घाल मध्ये भिंत, तुझं दुकान तुला, माझं मला." हे म्हणाले, "घालतो." आणि सुतार येऊन खरंच माप घेऊन गेला हो. ज्या दुकानात ह्यांनी धाकट्याला काउंटरवर बसवून पहिली किल्ली घासायला शिकवली, त्या काउंटरवर सुताराने पेन्सिलीने रेघ मारली. दोघंही रेघेकडे बघत नव्हते. मी बघत होते.

मी ह्यांना ओढत त्या बाईंकडे नेलं. म्हटलं, तोंडावर विचारा. ह्यांनी विचारलं, "खरं सांगा, हे तुम्ही मुद्दाम केलंय." बाई म्हणाल्या, "हो."

तुम्हाला सांगते, जन्मभर संशय घेतला माणसाने, पण "हो" कुणी म्हटलं नव्हतं. हे गांगरलेच.

बाईंनी मोठ्या पडद्यावरची वेबसाइटची चौकट कडेने आत ढकलून अरुंद करायला सुरुवात केली. दोघे भाऊ जवळ आले, आणखी जवळ, खांद्याला खांदा लागला, आणि मग एकदम हे टुपकन धाकट्याच्या खाली. "फोन अरुंद असतो," बाई म्हणाल्या, "शेजारी मावत नाहीत. कुणीतरी वर, कुणीतरी खाली."

"मग मीच का खाली?"

"मोठ्या कॉम्प्युटरवर बघणारा माणूस बहुतेक घरात नाहीतर ऑफिसात निवांत बसलेला असतो. त्याला कुलूप निवडायचंय, त्याला तुम्ही लागता. फोनवर बघणारा दाराबाहेर उभा असू शकतो, किल्ली आत. त्याला आधी कोण दिसायला हवं?"

जिना उतरताना हे म्हणाले, "धाकट्याने पढवून ठेवलंय चांगलं."

सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या संध्याकाळी मी कचरा टाकायला खाली निघाले, मागोमाग हे, कारण मी काय काय फेकते ते बघायचं असतं. वाऱ्याने दार धाडकन लागलं. ह्यांनीच निवडून बसवलेलं कुलूप, दार ओढलं की आपलं आपण लागणारं, "बाहेरून कुणाला उघडणार नाही" अशी ख्याती. किल्ल्या आत. आणि गॅसवर दूध.

मी म्हटलं, भाऊजींना फोन लावा. "त्याला? मी?" मी म्हटलं, मग मी लावते, माझा फोन… आत. हे दाराला खांदा देऊन बघतायत, कुलपाला शिव्या देतायत, आणि दाराखालून करपल्याचा वास यायला लागला. मग ह्यांनी खिशातून फोन काढला. उघडला तर समोर वेबसाइट, दिवसभर तीच बघत असतात ना. वरतीच धाकट्याचा हसरा चेहरा, त्याखाली "दार अडकलंय? फोन करा." ह्यांचा अंगठा असा थरथरत होता की बटण पटकन लागेचना. लागलं एकदाचं.

पलीकडून आवाज आला, "बोल दादा."

ह्यांनी घसा खाकरला. म्हणाले, "गिऱ्हाईक बोलतोय. दार अडकलंय."

भाऊजी म्हणाले, "पत्ता?"

ज्या घरात ते जन्मले त्या घराचा पत्ता ह्यांनी त्यांना सांगितला. मजल्यासकट.

"किल्ली आत?"

"आत."

"गॅस?"

"चालू."

"आलो."

आले. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पिशवी टाकली, गुडघ्यांवर बसले. हे मागे मोबाइलचा उजेड धरून उभे. दार उघडलं, मी धावत गॅस बंद केला, पातेल्याचं काय झालं ते विचारू नका. भाऊजी अवजारं आवरताना कुणाकडेही न बघता म्हणाले, "कुलूप चांगलं दिलंय दुकानदाराने. घाम काढला." हे म्हणाले, "आत ये. चहा घे… काळा मिळेल."

सुताराला येऊ नको म्हणून मीच कळवलं. दोघांच्या देखत.

हे पुन्हा त्या बाईंकडे गेले. मला वाटलं, आता स्वतःचा फोटो वर घ्यायला सांगणार. तर म्हणाले, "ते फोनचं बटण मोठं करा. हात कापत असला की सापडत नाही." बाईंनी तिथल्या तिथे मोठं केलं.

मिटलं, असं मला वाटलं. तर परवा एका गिऱ्हाइकाने मनगटावरच्या घड्याळात आमची वेबसाइट दाखवली. एवढासा पडदा, त्यात फक्त नंबर, फोटो कुणाचाच नाही. मी आतून बघते तर दोघे भाऊ त्या माणसाचं मनगट धरून, डोक्याला डोकं लावून… हे म्हणतायत, "धाकट्या, आपल्याला एक दाखवते, जगाला दुसरं," आणि भाऊजी म्हणतायत, "मला आधीच शंका होती दादा." पूर्वी हे एकटे संशय घ्यायचे, आता भागीदारीत घेतात.