रंगवलेले बोल्ट

हर्षा : आता ब्रेक दाबा, काकाजी. नुसता ब्रेक.

घनश्याम : दाबला.

हर्षा : इंडिकेटरले हात लागला काय तुमचा?

घनश्याम : नाही वो बाई. दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत.

हर्षा : मांगचा लाल दिवा लागतच नाही, आन इंडिकेटर मिणमिण करून राहिला.

घनश्याम : भूत शिरलं जीपमंदी. काल हॉर्न दाबला त समोरचे लाइट मंद झाले. बॅटरी नवी, वायर नवी, बल्ब नवे. जुनं काय राहिलं आता?

हर्षा : तुम्ही.

घनश्याम : मस्करी नको करू पोरी. आठ वाजून गेले. सानगडीहून भंडाऱ्याले सव्वा तास लागते. बाराले आरटीओत गाडीची पासिंग आहे. जुना कागद आजच संपते. नापास झाली त उद्यापासून रस्त्यावर काढता येत नाही.

हर्षा : दुसरी तारीख घ्या ना मंग.

घनश्याम : महिन्यानं भेटते म्हणे. महिनाभर तुह्या काकूले दवाखान्यात कसा नेऊ? आठवड्यातून दोनदा हाताचा व्यायाम आहे तिचा. डॉक्टर म्हणते, खंड पडला त बोटं अशीच आखडून राहतील. बसची पायरी चढता येत नाही तिले. आतापावतो दिवसाउजेडी नेली, लाइटचं काम पडलं नाही.

हर्षा : ही वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसले लावा. दुसरं मी दिव्याच्या बुडाले लावते. लावलं? आता या इकडे, ब्रेक दाबा.

घनश्याम : दाबला. लागला काय?

हर्षा : लालभडक! आता वायर काढते... गेला. समजलं, काकाजी. अर्थिंग भेटून नाही राहिली.

घनश्याम : म्हणजे?

हर्षा : करंट वायरीतून दिव्यापावतो जाते, पण वापस बॉडीच्या पत्र्यातून येते. पत्र्याचा रस्ता बंद झाला त ते दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर लागते. हे पाहा, बोल्टखाली रंग, वायसरखाली रंग. लोखंडाले लोखंड लागलंच नाही. कोण पेंटर होता हा? काम एकदम देखणं केलं, पण गाडी...

घनश्याम : हळू बोल.

हर्षा : काहून?

घनश्याम : ओसरीत बसली आहे ते. तिनंच रंगवली.

हर्षा : काकूनं?

घनश्याम : भंगारातून आणली तवा नुसता सांगाडा होता. एकेक नट खोलून डिझेलात धुतला तिनं, दोन-दोन हात मारले. मी म्हणो, आतलं कोण पाहते? ते म्हणे, मी पाहिलं ना. शेवटचा हात मारला आन आठव्या दिवशी लकवा. उजवाच हात गेला. आता घरी कोणी आलं त चहाच्या पहिले जीप दाखवते.

हर्षा : चौदा जागी खरवडा लागते, काकाजी. पाऊण तासाचं काम.

घनश्याम : दुसरा उपाय सांग.

हर्षा : हरेक दिव्यापासून वेगळी वायर बॅटरीवर आणाची. दोन वाजतील दुपारचे.

घनश्याम : मंग असं करू. उंदरानं वायर कुरतडली म्हणू. तू मांगून मांगून खरवड, दिसत नाही तिथून.

हर्षा : आन समोरचे बोल्ट? ते त ओसरीतून सरळ दिसते. थांबा... हा बोल्ट आधी कोणी घासला होता. वरून परत रंग लावला. ब्रशचे वळ दिसून राहिले.

घनश्याम : असंल कोणी.

हर्षा : काकूचा हात असा नाही. हे कोण्या घाईच्या माणसाचं काम आहे.

रंभाबाई : (ओसरीतून) काय झालं वो? काहून कुजबुजता दोघं?

घनश्याम : काही नाही. उंदीर.

रंभाबाई : कोठचा उंदीर?

घनश्याम : वायर खाल्ली त्यानं.

रंभाबाई : काल रातभर तुम्ही जीपमंदीच झोपले होते, चिंतेनं. तुम्हाले सोडून वायर खाल्ली काय? हर्षा, तू सांग.

हर्षा : काकू... रंग नटाखाली गेला. म्हणून दिवे लागून नाही राहिले.

रंभाबाई : म्हणजे मीच बिघडवली.

घनश्याम : तू काहून बिघडवशील? तीस वर्षं ट्रक चालवला मी. मलेच सांगता नाही आलं तुले.

रंभाबाई : कधीपासून माहीत होतं तुम्हाले?

घनश्याम : दिवाळीपासून. एक बोल्ट घासून पाहिला. दिवा लागला. मंग तू हाक मारली, चहा झाला म्हणून. मी परत रंग लावून टाकला.

रंभाबाई : आन आज पासिंगच्या दिवशी या पोरीले बोलावलं?

घनश्याम : वाटलं, दुसरं काही निघंल.

रंभाबाई : एवढा भित्रा माणूस तीस वर्षं हायवेवर कसा होता बापा? पॉलिश पेपर कोठं आहे?

हर्षा : माह्याजवळ, काकू. तुम्ही बसा, मी करून देते.

रंभाबाई : तू मांगचे घे. समोरचे मी घेते. कोणता बोल्ट कुठं आहे ते मले माहीत आहे.

घनश्याम : डाव्या हातानं?

रंभाबाई : आता हाच आहे. तुम्ही पाना धरा. थरथरू नका.

(रंभाबाई खांबाला धरून ओसरीवरून उतरतात. बराच वेळ फक्त पत्र्यावर पेपर घासल्याचा आवाज.)

हर्षा : साडेनऊ, काकाजी.

घनश्याम : हिचा एक राहिला.

हर्षा : मी दोन मिनिटांत...

घनश्याम : राहू दे. होऊन राहिलं तिचं.

रंभाबाई : झालं. पान्यानं आवळा आता. अजून. हं.

हर्षा : ब्रेक दाबा. लागला! इंडिकेटर... बरोबर. हॉर्न वाजवा.

रंभाबाई : अगाई! कान फुटले माहे.

हर्षा : निघा आता, काकाजी. साकोलीच्या फाट्यावर थांबू नका कुठं.

घनश्याम : साहेबानं विचारलं, नव्या रंगावर हे ओरखडे कायचे, त काय सांगू?

रंभाबाई : तुम्ही काही सांगू नका. मी येऊन राहिली ना संगं.