क्रेनवाल्याची पाटी

भैय्याजी : हे लाकूड कोनी देल्लं तुमाले, गुलाबभाऊ?

गुलाब : कोनी नाई जी, मीच निवडलं. तुमच्यासारख्या सुताराले न इचारता लाकडाच्या टालावर गेलो अन् म्हटलं, सगळ्यात मजबूत हाय थे दे.

भैय्याजी : म्हनून बाभूळ.

गुलाब : चौतीस वर्षं स्टील प्लांटमंदी काढले. मजबूत सोडून दुसरं काई मांगताच येत नाई मले.

रत्नमाला : याच्या आदी सागवानाची फळी आनली होती. थे खोदत खोदत आरपार केली. आता या बाभळीवर पटाशी नुसती घसरते. काल घसरली थे माह्या जास्वंदाच्या कुंडीत गेली.

गुलाब : जास्वंदावर मात्र काम सफाईचं झालं.

भैय्याजी : पटाशी दाखवा बरं. अन् हिचं तोंड निळं कावून?

गुलाब : धार लावली ना. ग्रायंडरवर.

भैय्याजी : तापवून मारली तुमी हिले. नरम झाली. आता हिनं लोनी कापा.

गुलाब : बाहेर बोलू नका, भैय्याजी. जिंदगीभर तापल्या पोलादावर बसून पगार घेतला, अन् घरी बोटभर पोलाद सांभाळता नाई आलं.

भैय्याजी : प्लांटमंदी काय करत होते?

गुलाब : क्रेन चालवो. वर केबिनमंदी बसाचं अन् लिवर हलवाचं. वितळल्या पोलादानं भरलेलं शंभर टनाचं लेडल उचललं या हातानं. आता पावशेरची पटाशी बी ऐकत नाई.

भैय्याजी : अन् बनवून काय राहिले?

रत्नमाला : नावाची पाटी. प्लांटचं सेक्टर सहातलं क्वार्टर सोडलं आमी, इथं कोहक्यातच घर बांधलं. रविवारी वंदना ठेवली हाय, भंतेजी येनार. अन् यायनं सगळ्या क्रेनवाल्यायले सांगून ठेवलं का पाटी मी सोताच्या हातानं कोरून राहिलो. आमच्या पियूषनं तं प्लास्टिकची आनूनही ठेवली. चमकनारी.

गुलाब : पोराले बापाचा पूरा भरोसा हाय.

रत्नमाला : रविवारपर्यंत नाई झाली तं थेच लागीन.

गुलाब : लागीन तं लागू दे. पन सांगतो जी, मी उचललेल्या पोलादाच्या रेल झाल्या, कुठं कुठं बिछल्या. गाडीत बसलो का मी हिले म्हनो, हे आमची रेल. हे इचारे, कोन्ती? दाखवाले एक बी नाई. आपल्या हातची एक तं चीज घरात असावी. तेवढ्यासाठी जीव जळते.

भैय्याजी : अच्छा. हे फळी घ्या. अंगठ्याचं नख दाबा.

गुलाब : रुतलं.

भैय्याजी : जिथं नख रुतते, तिथं नवशिक्याचा हात चालते. शिवण हाय हे. इकडचे लोक खम्हार म्हनतात. अन् तुमचा बारा पटाश्यायचा सेट ठेवा शोकेसमंदी. दोन पुरे, एक सपाट, एक गोल तोंडाची. माह्या घेऊन जा. लाकडाच्या रेषा इकडून तिकडं चालल्या, पाहा. त्यायच्या उलट जाऊ नका.

गुलाब : अन् थांबाचं कवा?

भैय्याजी : थे लाकूडच सांगते.

गुलाब : माह्याशी तं आजवर कोन्तंच लाकूड बोललं नाई.

(शनिवारची दुपार. नव्या घराच्या ओट्यावर इतक्या ढलप्या पडल्या होत्या, की त्यात गुलाबरावांनी पाटी केली की दरवाजा तासला हे कळायला मार्ग नव्हता.)

रत्नमाला : पाहू द्या तं. अवो, हे तं माह्यं नाव हाय.

गुलाब : मंग कोनाचं राहीन? क्वार्टरवर चौतीस वर्षं माह्यं नाव अन् टोकन नंबर होता. तुले सारे मेश्राम क्रेनवाल्याची बाई म्हनत. हे घर तुह्यं. अन् खरं सांगू, माह्या नावाची बिघडली असती तं लोक हासले असते. तुह्या नावाले हासाची कोनाची हिंमत?

रत्नमाला : बिघडूनच राहिली. शेवटचं अक्षर किती पातळ झालं. अजून कावून खोदता?

गुलाब : थोडंसं राहिलं.

रत्नमाला : सागवानाले बी असंच म्हनत होते.

गुलाब : मले थांबाचं समजतच नाई, माला. क्रेनखाली खलासी उभा राहे. थो हात दाखवे, तसं मी उचलो, उतरवो. मी त्याच्या हाताकडं पाहो, लेडलकडं नाई. चौतीस वर्षात एक लेडल मी आपल्या मनानं थांबवलं नाई. एवढा मोठा ऑपरेटर, अन् थांबवनारा खाली.

रत्नमाला : कसा दाखवे हात?

गुलाब : जाऊ दे ना.

रत्नमाला : सांगा तं.

गुलाब : बोटं हालवली का हळू. मूठ बंद केली का बस.

रत्नमाला : चाला. समोर उभी राहते मी.

गुलाब : अवो, समोरच्या घरची बाई पाहून राहिली.

रत्नमाला : पाहू द्या. माह्या नावाची पाटी हाय. करा चालू. हं, हळू. अजून हळू. लाकडाकडं काय पाहता, माह्या हाताकडं पाहा.

गुलाब : पाहून राहिलो.

रत्नमाला : मंग? मूठ बंद केली म्या.

गुलाब : शेवटचं अक्षर वाकडं राहिलं, माला.

रत्नमाला : राहू द्या.

गुलाब : अन् पियूषची चमकनारी?

रत्नमाला : मागच्या दाराले लावू. तुमी पटाशी ठेवा खाली. मूठ बंदच हाय माही.